कुठले बाबा?

(पत्राचा सारांश. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

पत्रलेखक एकोणपन्नास वर्षांचे, नोकरीनिमित्त पुण्यात. घर मूळचं सोलापूरचं. वडील कामगार चळवळीतले, पक्के नास्तिक. हे स्वतः कॉलेजपासून अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात, शाळाशाळांतून चमत्कारांमागची हातचलाखी करून दाखवणारे. आई चौऱ्याहत्तर वर्षांची. तरुणपणी शेजारच्या पद्मशाली घरातल्या तेलुगू मावशींबरोबर ती आंध्रातल्या पुट्टपर्तीच्या सत्यसाईबाबांच्या भजनांना जाऊ लागली. वडिलांनी घरात फोटो लावू दिला नाही, म्हणून तिने तो स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. चाळीस वर्षं तो तिथेच आहे. दीड वर्षापूर्वी वडील गेले. २०२५ च्या नोव्हेंबरात सत्यसाईंच्या जन्मशताब्दीचा सोहळा टीव्हीवर पाहिल्यापासून आईचं एकच म्हणणं आहे, "मला एकदा पुट्टपर्तीला ने." मुलाने तिला हातचलाखीचे व्हिडिओ दाखवले. ती म्हणाली, "हे तुझ्या बाबांनी मला केव्हाच दाखवलंय. तू तिकीट काढतोस का?" मुलगा विचारतो: नेलं तर मी ढोंगी, नाही नेलं तर कठोर. तिला नीट समजावून सांगू? पुण्याजवळ हाडशीला सत्यसाईंचं स्थान आहे, तिथे नेऊन आणलं तर भागेल? की भजनी मंडळाबरोबर पाठवू?

•

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना दर चार ओळींनी अडखळले, ते 'बाबा' या शब्दापाशी. 'बाबांनी तिला कधी जाऊ दिलं नाही', 'बाबांचा फोटो कपाटात', 'बाबांना हे आवडलं नसतं', 'बाबा गेले तेव्हा ती रडली नाही'. कुठले बाबा, हे दर वेळी मागे जाऊन बघावं लागलं. शेवटच्या वाक्याचा उलगडा तर मला अजूनही झालेला नाही. पुट्टपर्तीचे बाबा २४ एप्रिल २०११ ला गेले, तुमचे दीड वर्षापूर्वी. दोन्ही वेळा त्या घरात तुमची आई होती. दोन्ही वेळा तिने काय केलं, हे तुम्हाला नक्की ठाऊक आहे का?

आधी समजावण्याचं बघू, कारण तुमचा कल तिकडे दिसतो. भाताच्या पेजेत मळून वाळवलेली राखेची गोळी अंगठ्याच्या बेचक्यात धरायची, हात गोल फिरवता फिरवता चिरडायची, की पडली विभूती, सत्यसाईबाबा 'हवेतून' काढायचे तशी. हे तुम्ही शेकडो मुलांना दाखवलं असेल. पण सराव कुठे केलात? घरीच ना? मग पेज कोणी करून दिली?

मला वाटतं, तुमच्या आईएवढं त्या विभूतीबद्दल सोलापुरात फार थोड्यांना माहीत असेल. १९७६ साली बंगळूर विद्यापीठाचे कुलगुरू एच. नरसिंहय्या यांनी चमत्कारांच्या तपासणीसाठी समिती नेमली आणि आमच्यासमोर करून दाखवा म्हणून साईबाबांना पत्रं लिहिली, त्यांना उत्तर आलं नाही. केरळचे विवेकवादी बी. प्रेमानंद गावोगाव हिंडून हेच सगळे प्रकार करून दाखवायचे. हे तुमच्या वडिलांनी जेवताना सांगितलं नसेल असं होईल का? ती वाढत असणार आणि ऐकत असणार. ज्या बाईने चाळीस वर्षं दोन्ही बाजू एकाच स्वयंपाकघरात ऐकल्या, तिला अजाण म्हणू नका. तुम्ही म्हणता ते तिला पटत नाही, एवढंच. तुमच्या पत्रात मात्र तिला काही कळत नाही असा सूर आहे, आणि तो तिलाही ऐकू येत असणार.

हातचलाखी ही या प्रकरणातली सगळ्यात हलकी गोष्ट, हेही खरं. ६ जून १९९३ ला बाबांच्या निवासात शिरलेल्या चौघांना पोलिसांनी गोळ्या घातल्या, त्याआधी बाबांचे दोन सेवक मारले गेले होते. लैंगिक शोषणाचे आरोप झाले, २००४ साली बीबीसीने त्यावर माहितीपट केला. संस्थेने आरोप फेटाळले, बाबांवर खटला कधी उभा राहिला नाही. ते गेल्यावर जून २०११ मध्ये त्यांचं निवासस्थान, यजुर्मंदिर, उघडलं तेव्हा ९८ किलो सोनं, ३०७ किलो चांदी आणि साडेअकरा कोटींची रोकड निघाली. यातलं काही आईला माहीत नाही असं वाटत असेल तर जरूर सांगा. एकदा, घरी बसून, व्हिडिओ न लावता. तिला प्रश्न विचारू द्या. मग गप्प बसा. गाडीत, गुंटकलच्या पुढे, हा विषय काढायचा नाही.

आता 'नेलं तर मी ढोंगी'. ढोंग कशाला म्हणायचं? मनात नसताना हात जोडणं, हे ढोंग. आईची पिशवी उचलणं ढोंग कसं होईल? तुम्ही ज्या चळवळीतले आहात तिची भूमिका दाभोलकरांनी वर्षानुवर्षं सभांमधून मांडली: विरोध देवा-धर्माला नाही, शोषणाला आहे. महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदाही कोणाला देवळात जायला बंदी करत नाही. मग प्रश्न असा पडतो, की या प्रवासात आईचं शोषण कुठे होतं? पैसे लुबाडले जाणार असतील, औषधं बंद होणार असतील, तर तिथे अडवा. ती समाधीसमोर डोळे मिटून दहा मिनिटं बसणार असेल तर त्यात अडवण्यासारखं मला तरी काही सापडत नाही.

निघण्यापूर्वी तिला स्पष्ट सांगा: "मी येतोय, पण नमस्कार करणार नाही. चालेल?" माझा अंदाज, ती म्हणेल, "तुला कोण सांगतंय?"

इथे मी एक परिच्छेद लिहून खोडला. त्यात लिहिलं होतं की आईला खरं तर बाबा नकोच आहेत, तिला तुमची सोबत हवी आहे, पुट्टपर्ती हे निमित्त. सल्ला देणाऱ्यांना असली वाक्यं फार आवडतात. पण ते खरं असेल असं मला वाटेना. सोबत हवी असती तर तिने महाबळेश्वर मागितलं असतं. तिला पुट्टपर्ती हवी आहे. कपाट उघडून डाळीचा डबा काढताना रोज जो चेहरा दिसला तो जिथला, तिथे जायचंय. ही ओढ तुम्हाला कळणार नाही, मलाही पुरती कळत नाही, आणि ती कळल्याशिवाय तिकीट मिळत नाही असाही काही नियम नाही.

म्हणूनच हाडशीचा पर्याय बाजूला ठेवा. पंढरपूरला निघालेल्या माणसाला सिंहगड रस्त्यावरच्या विठ्ठलवाडीला उतरवून 'हेच प्रतिपंढरपूर' म्हणण्यातला प्रकार आहे तो. विठ्ठलवाडी छानच आहे. पण तो माणूस पंढरपूरला निघाला होता.

आणि आता तुमचे बाबा. 'बाबांना हे आवडलं नसतं' हे वाक्य पत्रात दोनदा आलंय, एकदा मध्ये आणि एकदा शेवटी, ताजा कलम म्हणून. ढोंग, तत्त्व, चळवळ या सगळ्याच्या खाली मला हे वाक्य दिसतं. वडिलांची पुस्तकं, त्यांचा बाणा तुम्ही घेतलात, छान केलंत. पण त्यांचा नकारही तुमच्याकडे वारशाने आलाय आणि तो घराच्या किल्लीसारखा तुमच्याकडेच राहावा असं तुम्ही धरून चाललाय. नवऱ्याने बायकोला चाळीस वर्षं जाऊ दिलं नाही, यात विवेकवाद किती आणि नवरेपणा किती? हा प्रश्न मी कोणत्याही भक्तिणीच्या नवऱ्याला विचारला असता, तो नास्तिक असो की वारकरी. तुमच्या वडिलांबद्दल मला आदर आहे, त्यांच्यासारख्या माणसांनी सोलापूर घडवलं. पण फोटो दाराच्या आतल्या बाजूला लागला, तो काही वादात हरल्यामुळे नव्हे. आणि त्यांनीही ते कपाट कधी उघडलं नसेल का हो? चहा-साखर तिथेच असेल की. उघडलं असेल, पाहिलं असेल, आणि बंद केलं असेल. चाळीस वर्षांत त्यांनी तो फाडला नाही, यावरही जरा विचार करा.

आता जाण्याचं. हे इतर वाचकांनाही उपयोगी पडेल, कारण आईवडिलांना कुठल्या तरी आश्रमात न्यायचंय, आपला मात्र विश्वास नाही, अशी पत्रं मला बरीच येतात.

सगळ्यात मोठी गोष्ट तुमच्या लक्षात आलेली नाही. प्रशांती निलयममध्ये, म्हणजे पुट्टपर्तीच्या आश्रमात, बायका आणि पुरुष वेगळे बसतात. तपासणीच्या रांगा वेगळ्या, बसायच्या बाजू वेगळ्या, कँटीनमध्येही तेच. म्हणजे 'समाधीपुढे आईचा हात धरून मी उभा, आणि माझ्या तत्त्वांचं काय' हे जे चित्र रात्री तुमची झोप उडवतं, ते घडणारच नाही. तुम्ही पलीकडे पुरुषांत असाल किंवा बाहेर चपला सांभाळत. खरी अडचण निराळीच आहे: गुडघे दुखणाऱ्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईबरोबर आत कोण जाणार? बहीण हैदराबादला आहे असं तुम्ही लिहिता. तिला आजच फोन करा. ती धर्मावरमपर्यंत रेल्वेने येऊन तिथे तुम्हाला भेटू शकेल, तिथून पुट्टपर्ती रस्त्याने चाळीसेक किलोमीटर. बहिणीला जमत नसेल तर पत्नीला विचारा. तुम्हीच लिहिलंय की त्या पहिल्याच दिवशी "जा की, त्यात काय" म्हणाल्या. दोघींना न विचारता तुम्ही एकटेच तीन महिने तत्त्वचिंतन करताय, हे जरा गंमतीचं आहे.

मी स्वतः काही वर्षांपूर्वी मावशीला घेऊन गेले होते, म्हणून हे माहीत. समाधी आहे त्या साईकुलवंत हॉलच्या दाराशी स्कार्फ घातलेल्या सेवादलाच्या बाई पिशव्या तपासत होत्या. मोबाइल आत नेता येत नाही हे आम्हाला माहीत होतं, तो खोलीवर ठेवला होता. पण मावशीच्या कनवटीच्या पिशवीत अडकित्ता निघाला. त्या बाईंनी तो उलटसुलट करून पाहिला, त्यांना फक्त तेलुगू येत होतं, मावशीला फक्त मराठी. मावशीने एक सुपारी काढली, अडकित्त्यात धरली, कातरली आणि दोन खांडं त्यांच्या तळहातावर ठेवली. बाई हसल्या, खांडं पदराला बांधली आणि अडकित्ता ठेवून घेतला. मावशी भजन संपेपर्यंत समाधीकडे कमी आणि दाराकडे जास्त बघत होती. परत मिळाला. तेव्हा आईच्या पिशवीतून विळी, कात्री, अडकित्ता, नेलकटर जे काय असेल ते आधीच काढून ठेवा.

आत जमिनीवर बसावं लागतं, पण ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी खुर्च्या असतात, चाकाची खुर्चीही नेता येते. पहाटे ओंकार आणि सुप्रभातम, मग सकाळी आणि संध्याकाळी वेदपठण, भजन, आरती. आईला झेपेल असं म्हणजे संध्याकाळचं भजन. पहाटेचा हट्ट तिने धरलाच तर एकच दिवस. भजनानंतर समाधीच्या दर्शनाची रांग लागते, ती सावकाश सरकते. पांढरीशुभ्र संगमरवरी समाधी आहे, जिथे बाबा बसायचे तिथेच. सेवादलात राज्याराज्यांच्या पाळ्या असतात. महाराष्ट्राची पाळी असेल तर आईला मराठी बोलणारं कोणी भेटेल, नसेल तर शेजारच्या मावशींकडून शिकलेलं तेलुगू उपयोगी पडेल. तिथे 'साईराम' या एका शब्दात नमस्कार, सरका, थांबा, धन्यवाद सगळं भागतं. तो शब्द तुमच्या तोंडून निघाला तर तुमची तत्त्वं मोडत नाहीत, 'राम राम' म्हणता तसंच ते.

राहायला आश्रमातल्या खोल्या स्वस्त आणि अगदी साध्या. सगळ्यांची आधार कार्डं लागतात, रात्री नऊला दिवे मालवतात. पथ्य असेल किंवा रात्री उठावं लागत असेल तर गोपुरम फाटकाजवळ बाहेर हॉटेल घ्या. २०११ नंतर गर्दी ओसरली, मोठमोठ्या इमारती अर्ध्या रिकाम्या आहेत, गर्दीचे दिवस सोडले तर खोली मिळायला फारसा त्रास नसतो. २३ नोव्हेंबरचा जन्मदिवस, २४ एप्रिलची आराधना, गुरुपौर्णिमा, ख्रिसमस या तारखा टाळा. आषाढी एकादशीच्या सुमारास महाराष्ट्र-गोव्याचे भक्त तिथे जमतात, विठ्ठलाचा गजर होतो. आईला ते फार आवडेल, पण गर्दीत तिचे गुडघे काय म्हणतील ते तुम्ही ठरवा. डिसेंबर ते फेब्रुवारी हवा चांगली. एप्रिल-मे नकोच, सोलापूरच्या माणसाला उन्हाचं कौतुक नसलं तरी.

भजनी मंडळाबरोबर पाठवणं हा वाईट पर्याय नाही. मंडळं म्हाताऱ्या माणसांना फार जपतात, आणि तिथे तिला कोणाचं तोंड वाकडं झालेलं बघावं लागणार नाही. तुम्ही चार दिवस कपाळाला आठ्या घालून फिरणार असाल तर मंडळच बरं. पण तिने 'मला ने' म्हटलंय, 'मला पाठव' नव्हे.

पैशांचं घरीच ठरवा. किती द्यायचे तो आकडा आईने सांगावा, तिच्या पेन्शनमधून द्यावा, तुम्ही मान डोलवावी. गावात कोणी 'बाबा माझ्या तोंडून बोलतात' किंवा 'पुढचा अवतार आमच्याकडे आहे' असं सांगणारा भेटला तर मात्र तुमचं चळवळीतलं शिक्षण खुशाल वापरा. आईही तुमच्याच बाजूने असेल, तिचे बाबा ठरलेले आहेत.

गोळ्यांची भीती तुम्ही लिहिली आहे: विभूती आणली की ती रक्तदाबाच्या गोळ्या सोडेल. विषय निघालाच तर तिला सत्यसाईंच्याच आयुष्यातली गोष्ट सांगा. विभूती वाटणाऱ्या या माणसाने १९९१ साली पुट्टपर्तीत सुपर स्पेशालिटी हॉस्पिटल उभं केलं, हृदयाच्या शस्त्रक्रिया मोफत, बिलाची खिडकीच नाही. आणि २०११ साली स्वतःवर वेळ आली तेव्हा शेवटचे जवळजवळ चार आठवडे ते त्याच हॉस्पिटलात व्हेंटिलेटरवर डॉक्टरांच्या हवाली होते. तुमच्या सगळ्या व्हिडिओंपेक्षा हे तिला लवकर पटेल.

ती आत असेल तेव्हा तुम्ही काय कराल? पाहिजे तर चैतन्यज्योती संग्रहालय बघा. चित्रावतीकडे चालत जा. नदीत पाणी असेलच असं नाही, देशातल्या सगळ्यात कोरड्या मुलखांपैकी हा एक. तेव्हाच्या अनंतपूर जिल्ह्यात नव्वदच्या दशकात सत्यसाई ट्रस्टने सातशेहून जास्त गावांना पिण्याचं पाणी पोचवलं. जे काम सरकारने करायचं ते देणग्यांच्या पैशातून झालं, याबद्दल कौतुक वाटावं की चिंता, यावर तुमच्या वडिलांचं मत मला ऐकायला आवडलं असतं. पाण्याच्या टाकीपुढे त्यांनी काय म्हटलं असतं, हे तुम्ही आणि आई त्या संध्याकाळी कँटीनमध्ये इडली खाताना बोलू शकता. आधी बाजू बघून घ्या, बायकांची आणि पुरुषांची वेगळी असते, नाहीतर बाहेर गाठा एखादं उडुपी.

परत आल्यावर ती विचारेल, "तुला काय वाटलं?" तेव्हा खरं सांगा. आवडलं नाही तर आवडलं नाही म्हणा. चाळीस वर्षं घरात ऐकलेलं मत आहे ते, तिला सवय आहे.

मुंबई-पुणे-सोलापूरवरून बंगळूरला जाणारी उद्यान एक्स्प्रेस धर्मावरमला जाते. सत्यसाई प्रशांती निलयम हे स्टेशनही त्याच मार्गावर, आश्रमापासून आठेक किलोमीटर. कुठे उतरायचं ते आरक्षणाच्या वेळी थांबे पाहून ठरवा. आरक्षण हल्ली साठ दिवस आधी उघडतं. आईला लोअर बर्थ मागा, पलीकडचा बहिणीसाठी किंवा पत्नीसाठी, आणि वरचा तुमचा.